हळदीच्या सकाळी सत्तर जणांचा नाश्ता मित्रमंडळींनी करावा का?

यादीवाली

नमस्कार. माझे साक्षगंध दिवाळीनंतर झाले आणि लग्न फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरातच आहे. मंगल कार्यालय, आचारी आणि पत्रिका ही मोठी कामे बाबांनी व मामांनी आपसांत वाटून घेतली असून, उरलेल्या किरकोळ कामांची यादी माझ्याकडे आणि महाविद्यालयापासूनच्या माझ्या सहा मित्रमैत्रिणींकडे आली आहे. ही यादी संपवण्यासाठी आम्ही दर रविवारी सकाळी भेटतो. आतापर्यंत सात रविवार झाले आणि यादीतील चार कामे झाली. तर्री पोह्यांच्या बश्या किती झाल्या, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. कस्तुरचंद पार्कापाशी उभ्याने पोहे खाता खाता रुखवतात काय मांडायचे यावर चर्चा सुरू होते, तेवढ्यात दुसरी बशी येते, मग कोणाला तरी आलूबोंडा आठवतो, आणि अकरा वाजता बर्डीवर कापडाच्या दुकानात जायचे ठरलेले असताना दीड वाजता आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेली कणसे खात बसलेलो असतो. टेकडीच्या गणपतीला पहिली पत्रिका ठेवून आलो तो एकच रविवार ठरल्याप्रमाणे पार पडला, आणि त्या दिवशीही परतताना जिलबी झालीच.

आता मुद्द्याचे. हळद लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी महाल भागातील आमच्या घराच्या अंगणात आहे. माणसे सत्तरच्या आसपास असतील. त्यांत उष्टी हळद घेऊन येणारी वराकडची पंधरा मंडळी धरली आहेत, आणि ती सगळी पुण्याची आहेत. दुपारचे जेवण आचाऱ्याकडे आहे. सकाळचा नाश्ता मात्र आपणच करू, असा प्रस्ताव गेल्या रविवारी माझ्या मित्रांनी मांडला आणि तो एकमताने मंजूरही झाला, कारण विरोधात बोलू शकणारी मी त्या वेळी दुसरी बशी आणायला गेले होते. सहाजणांपैकी दोघींना स्वयंपाक उत्तम येतो, एकाला फक्त चहा येतो आणि उरलेल्या तिघांकडे उत्साह आहे. पदार्थावरून तीन तट पडले आहेत: काहींना तर्री पोहे हवे आहेत, काहींना पाटोडी रस्सा, आणि एका मैत्रिणीचा सांबारवडीचा हट्ट आहे.

आईला हे पसंत नाही. लग्नघरी आलेल्या पोरांना भट्टीपाशी उभे करणे शोभत नाही, असे तिचे म्हणणे आहे. बाबा म्हणतात की चांगला पोहेवाला बोलावून मोकळे व्हा. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली आहे, परंतु त्या दिवशी मी पाटावर हळद लावून बसलेली असेन आणि काही बिघडले तर उठताही येणार नाही. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की हे जमण्यासारखे आहे का, कोणता पदार्थ घ्यावा आणि किती प्रमाणात करावा.

महालातल्या काकू

बाळ, प्रथम आईच्या म्हणण्याबद्दल. आमच्या वाड्यात लग्न निघाले की महिनाभर आधीपासून शेजारच्या सगळ्या बायका पापड, वड्या आणि शेवयांना येत असत, आणि पंगतीत वाढायला तर वराचे मित्रच पंचे बांधून उभे राहत. केटरर हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. तेव्हा पोरांनी हात लावला म्हणून कोणाची मान खाली जाईल असे मला वाटत नाही. आईला खरी काळजी बहुधा वेगळीच असावी: पोरांकडून काही बिघडले तर त्या सकाळी ते निस्तरायला तिलाच धावावे लागेल. ती काळजी तुम्ही आधी दूर करा, मग बाकीचे ती आपोआप मानेल.

सांबारवडीचा विचार सोडा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्या दिवसांत कॉटन मार्केटमध्ये हिरवीगार आणि स्वस्त मिळते हे खरे आहे, परंतु माणशी दोन धरल्या तरी एकशेचाळीस वड्या होतात, प्रत्येक वडी लाटून, खसखस-खोबऱ्याचे सारण भरून, पुडासारखी दुमडून गरम तळावी लागते, आणि गार झालेली सांबारवडी म्हणजे तेलकट पोळीच. ती तुम्ही एखाद्या रविवारी स्वतःसाठी करा, सोबत कढी करा, आणि हट्ट धरणाऱ्या त्या मैत्रिणीलाच लाटायला बसवा.

तर्री पोहेच घ्या. एक किलो जाड पोह्यांत दहा ते बारा बश्या होतात. सत्तर जणांना सात किलो पुरेत. काळे चणे अडीच किलो घ्या आणि आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. तर्रीला कांदा आणि सुके खोबरे चांगले काळपट होईपर्यंत भाजा, त्यात आले, लसूण, धने, थोडी खसखस आणि नेहमीचा खडा मसाला घालून बारीक वाटा. तिखटासाठी भिवापुरी मिरची मिळाली तर उत्तम. हे वाटण फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात कडेने तेल सुटेपर्यंत परतायचे. येथे घाई केली की पुढे काहीही केले तरी चव येत नाही. नंतर शिजलेले चणे त्यांच्या पाण्यासकट घालावेत आणि वरून लागेल ते पाणी आधणाचेच असावे. गार पाणी ओतले की लाल तवंग बसतो आणि मग तिला रस्सा म्हणावे लागते, तर्री म्हणता येत नाही. तर्री पहाटे पाचला करून ठेवली तरी चालते, मुरून ती अधिकच चांगली लागते. पोहे मात्र माणसे समोर आल्यावरच फोडणीला टाकायचे.

आणखी एक. पोरांपैकी कोणी सावजी मटणाचा विषय काढला असेल, आणि तो निघाला असेलच, तर तो त्या दिवसापुरता बंद. आमच्याकडे देवक बसल्यापासून लग्न लागेपर्यंत घरात मांसाहार शिजत नाही, आणि तुमच्या आजीही हेच सांगतील.

गंज-सराटा

मी गेली चौदा वर्षे लग्नाच्या स्वयंपाकांच्या व्यवसायात आहे. काकूंची कृती निर्दोष आहे. त्यांच्या आकड्याशी मात्र मी सहमत नाही. हळदीच्या घरी सत्तर माणसे कधीच सत्तर नसतात. मांडववाल्याची चार माणसे, फुलांची सजावट करणारी दोन, छायाचित्रकार व त्याचा मदतनीस, पुण्याच्या मंडळींना घेऊन आलेल्या गाड्यांचे चालक, आणि हळद पाहायला सहज म्हणून डोकावलेले शेजारी, हे सगळे खातात आणि त्यांनी खावे हेच योग्य आहे. यजमानांच्या यादीत ही माणसे कधीच नसतात. पंच्याऐंशी धरा, पोहे आठ किलो घ्या आणि चणे तीन किलो.

दुसरी गोष्ट भांड्यांची व आचेची. घरच्या शेगडीवर वीस लिटरचा गंज, म्हणजे मोठे पातेले, ठेवला तर पाऊण तास उकळी येत नाही आणि तोपर्यंत सगळ्यांची तोंडे पडतात. जवळच्या बिछायत केंद्रातून एक भट्टी, दोन मोठे गंज, एक पसरट कढई, दोन लांब दांड्याचे सराटे आणि बांबूच्या दोन मोठ्या टोपल्या भाड्याने आणा. भांडी आदल्या संध्याकाळी आणून स्वतः घासून घ्या. ती घासलेली आहेत, असे सांगितले जाते, एवढेच मी म्हणेन.

पोहे भिजवणे हे सगळ्यांत अवघड काम आहे आणि नवखा माणूस नेमका तेच सोपे समजतो. आठ किलो पोहे एकदम नळाखाली धरले तर वरचे कोरडे राहतात आणि तळाचा लगदा होतो. दोन-दोन किलो टोपलीत घ्यावेत, वरून पाणी फिरवून लगेच निथळावेत, दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत, आणि एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो सहज चुरडला गेला पाहिजे, परंतु बोटाला चिकटता कामा नये. दोन किलोंची एक फोडणी उतरेपर्यंत पुढचे दोन किलो निथळत असावेत, म्हणजे माणसांना वाट पाहावी लागत नाही आणि पोहेही गार होत नाहीत. ज्याला फक्त चहा येतो त्याला चहावर बसवू नका, हे ऐकायला विचित्र वाटेल. चहा लग्नघरातील कोणतीही मावशी करील. त्याला पोहे भिजवायला ठेवा, कारण ज्याला स्वयंपाक येत नाही तो सांगितले तेवढेच करतो.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे: उकळत्या तर्रीचा गंज उचलून कोणीही अंगणातून फिरवू नये. हळदीच्या घरात पोरे धावत असतात, फरशीवर हळदीचे आणि तेलाचे पाणी सांडलेले असते, आणि पंधरा लिटर उकळता रस्सा घेऊन दोघेजण चालले आहेत हे दृश्य मी एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही. भट्टी अंगणाच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून वेगळी करा आणि गंज जेथे आहे तेथूनच वाढा. बशी घेऊन माणूस येईल. नागपूरकराला तर्रीकडे चालत जाण्याची सवय असते.

जाता जाता, तुमचे आचारी चव पाहायला बोलावतील तेव्हा या सहाजणांना अवश्य न्या, पण पनीरच्या भाजीपाशी रेंगाळू देऊ नका. तिथे साधे वरण, डाळभाजी आणि गरम पोळी मागा. डाळभाजीत पालक आणि डाळ एकजीव झाली आहे की वेगवेगळी पडली आहे एवढे पाहिले तरी आचाऱ्याचा हात कळतो. पनीरला मसाला तारून नेतो.

गोवरीचा धूर

पाटोडीच्या तटाला माझा सावधगिरीचा इशारा. तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या हळदीला आम्ही पाचजणांनी नेमका हाच उद्योग केला होता. पाटोड्या सुरेख झाल्या होत्या. बेसन घट्ट शिजवून तेल लावलेल्या परातीत थापले, वरून खोबरे आणि सांबार भुरभुरला आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या. रस्सा तर असा जमला होता की गल्लीत वास गेला. मग नऊ वाजता आमच्यातल्या एका हुशाराने, पाहुणे आले की धांदल नको म्हणून, सगळ्या पाटोड्या रश्श्याच्या गंजात सोडून दिल्या. पाहुणे साडेदहाला आले. तोपर्यंत पाटोड्यांनी रस्सा पिऊन टाकला होता आणि झाकण काढले तेव्हा आत ना पाटोडी होती ना रस्सा. वराच्या मामींनी दोन घास खाऊन, पिठले छान झाले आहे, सोबत भाकरी मिळेल का, असे अतिशय प्रेमाने विचारले. आम्ही भाकरी आणायला धावलो, कारण खरे सांगण्याचे धैर्य कोणातच नव्हते. पाटोडी बशीत ठेवून वर उकळता रस्सा ओतायचा असतो, हे आता आम्हा पाचही जणांना झोपेतून उठवले तरी सांगता येईल.

माझी सूचना थोडी निराळी आहे. हळदीच्या दिवशी मित्रांना मजा करायला सवड मिळत नाही. सगळे घामाघूम असतात आणि नवरीशी दोन शब्द बोलणेही होत नाही. खरी मजा त्याच्या आधीच्या महिन्यात करून घ्या. आम्ही त्याच लग्नाआधी जानेवारीत काटोलकडे एकाच्या शेतावर रोडग्यांसाठी गेलो होतो, आणि त्या लग्नातले आम्हाला आज सर्वांत जास्त आठवते ते ही दुपार. सकाळी पोहोचल्यावर गोवऱ्यांचा हारा रचला. तो पेटून धूर ओसरेपर्यंत जाडसर कणकेचे, आत तेलाचा पदर दिलेले मुठीएवढे गोळे तयार केले आणि लालबुंद निखाऱ्यांत ठेवून वर राख ओढली. तासाभराने एकेक रोडगा काठीने बाहेर काढायचा, फडक्याने राख झटकायची आणि मुठीने दाबून फोडायचा. आतून वाफ आली की तो तुपाच्या वाटीत बुडवायचा. शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी शिजत होती. आमच्या नवरदेवाचा पहिला रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघाला, आणि त्यावरून त्याला जे ऐकावे लागले ते लग्नाच्या दिवसापर्यंत पुरले. जेवणानंतर बांधावरच्या झाडांची संत्री तोडून खाल्ली आणि तेथेच बसून वरातीच्या गाड्यांची विभागणी केली. शहरात तीन बैठकांत न झालेले काम तेथे अर्ध्या तासात झाले, याचे कारण बहुधा एवढेच, की पोट भरल्यावर भांडायला कोणाला त्राण नव्हते.

पुण्याची लेक, नागपूरची सून

ते पंधराजण ज्या बाजूचे आहेत त्या बाजूने लिहिते. माझ्या लग्नात सासरकडून आलेल्या पदार्थांच्या यादीत सांबारवडी हे नाव वाचून माझ्या आईने, त्यासोबत इडली कोण करणार आहे, असे फोन करून विचारले होते. सांबार म्हणजे कोथिंबीर हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा वराकडच्या मंडळींना काय खायला मिळणार आहे, हे दोन शब्दांत आधीच कळवावे.

तर्रीचेही तसेच आहे. आमच्याकडे पोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबू असते. रस्सा असतो तो मिसळीवर. माझ्या काकांनी पहिल्यांदा तर्रीची बशी पाहिली तेव्हा वाढणाऱ्याचा हात चुकला असे समजून ते नम्रपणे दुसरी बशी मागू लागले. नंतर त्यांनी तीन बश्या खाल्ल्या आणि दिवसभर पाणी पीत होते, ही गोष्ट वेगळी. म्हणून माझे सांगणे असे, की तर्री वेगळ्या वाटीत द्यावी, एक लहान पातेले कमी तिखटाचे करावे, आणि शेजारी मठ्ठा ठेवावा. कमी तिखटाच्या पातेल्यावर मात्र तशी पाटी लावू नका. तशी पाटी असली की पुण्याचा माणूस हट्टाने दुसऱ्या पातेल्याकडे जातो.

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री आलेली असतात. जाताना प्रत्येकाच्या हातात चार संत्री आणि संत्रा बर्फीची पुडी दिलीत तर पुण्यात तुमचे नाव निघेल.

यादीवाली

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी आमच्या रविवारच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. पाटोडीच्या तटाने मामींची हकीकत ऐकताच पक्ष बदलला.

काल आमच्या स्वयंपाकघरात एक किलोची चाचणी घेतली. पहिल्या अर्ध्या किलोचे पोहे नळाखाली धरून ठेवल्यामुळे त्यांचा लगदा झाला, आणि तो आम्हीच तर्री घालून गुपचूप संपवला. दुसऱ्या अर्ध्या किलोला, गंज-सराटा दादांनी सांगितल्याप्रमाणे, फक्त चहा येणाऱ्या मित्राला बसवले. त्याने प्रत्येक वेळी दाणा दाबून पाहिला, भिंगातून पाहावे तसा पाहिला, आणि पोहे खरोखर मोकळे झाले. त्याला आता पोहे-प्रमुख हे पद देण्यात आले असून तो ते अतिशय गांभीर्याने घेत आहे.

तर्री परतत असताना आई दाराशी येऊन उभी राहिली. पाच मिनिटे ती काही बोलली नाही. मग, तेल अजून सुटलेले नाही, एवढे म्हणून तिने मैत्रिणीच्या हातातून सराटा घेतला आणि शेवटपर्यंत परत दिला नाही. रात्री तिने दोन्ही मावश्यांना फोन करून हळदीच्या दिवशी पहाटे पाचला येण्यास सांगितले आहे, पंच्याऐंशीऐवजी नव्वद माणसे धरली आहेत, आणि कमी तिखटाचे पातेले ती स्वतः करणार आहे. माझे मित्र आता थोडे हिरमुसले आहेत, कारण त्यांच्या वाट्याला पोहे भिजवणे, वाढणे आणि भट्टीभोवती दोरी बांधणे एवढेच उरले आहे. काकू, आईला हे काम वाटून घ्यायला कसे सांगावे, हे आता आपणच सुचवावे.

रोडग्यांसाठी जानेवारीचा शेवटचा रविवार ठरला आहे. रुखवत, गाड्या आणि मेंदीवाली हे तीन विषय अजून शिल्लक असल्यामुळे यादी सोबत नेणार आहोत.

महालातल्या काकू

आईकडून सराटा परत मिळणार नाही, ती आशा सोडा. वाटण आदल्या दिवशी दुपारी करून ठेवायचे असते, ते तेवढे पोरांनी मागून घ्यावे. कांदे सोलायला लागले की कोणतीही आई आनंदाने जागा देते. अडीच-तीन किलो कांदे आहेत, सहाजणांना पुरतील.